पोच असलेला कागद

घणसोलीत राहणाऱ्या एका आईचं पत्र आलं आहे. थोडक्यात ते असं. मुलगा चौथीत, जवळच्याच एका खासगी सीबीएसई शाळेत. लिहायला हळू. जूनपासून एक बाई त्याला वही पूर्ण होईपर्यंत दाराजवळ जमिनीवर बसवतात. त्यात डब्याची सुट्टी जाते, कधी खेळाचा तासही जातो. एकदा त्याची वही उंच धरून "हे बघा चौथीतलं अक्षर" म्हणत अख्ख्या वर्गाला हसवलं. आता सोमवारी आणि गुरुवारी, म्हणजे त्या बाईंचा तास पहिला असतो त्या दिवशी, सकाळी मुलाच्या पोटात दुखतं. आई वर्गशिक्षिकेला भेटली तर "घरी मोबाइल कमी द्या" एवढंच ऐकून परत आली. नवरा म्हणतो, वर्ष संपू दे, मग शाळा बदलायचं बघू. धाकटीचा प्रवेशही तिथेच घ्यायचाय, असंही तोच म्हणतो. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी छड्या खायचो. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ४१ जणांनी अंगठे दाखवले. शेजारचे एक दादा म्हणतात, पक्षाच्या शाखेत चला, पाच मिनिटांत सरळ करू. तिचे प्रश्न असे : तक्रार नेमकी कुणाकडे करायची? खासगी शाळेच्या वर कुणी असतं का? इंग्रजी कच्चं असताना लेखी कसं द्यायचं? आणि शाळेनं मुलावरच डूख धरला तर?

ताई,

तुमचं पत्र चार पानी आहे. नवरा काय म्हणाला, सासूबाई काय म्हणाल्या, ग्रुपवर कोण काय बोललं, सगळं त्यात आहे. मुलगा काय म्हणतो ते मात्र कुठेच नाही. मी दोनदा शोधलं.

म्हणून बाकी काही करण्याआधी त्याला विचारा. समोर बसवून उलटतपासणी नको. भाजी निवडताना, रिक्षात, झोपायच्या आधी दिवा मालवल्यावर. "बाई तुला त्रास देतात ना?" असं विचारलंत तर तो तुमच्या चेहऱ्याकडे बघून हो म्हणेल, आणि ते उत्तर तुमचं असेल, त्याचं नाही. "तू दाराजवळ असतोस तेव्हा बाकीचे काय करतात?" असं विचारा. मग थांबा. आणि शेवटी, "यातलं काय बदललं तर तुला बरं वाटेल?" मी तीस वर्षं ठाण्यात शिकवलं, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापक म्हणून. माझा अनुभव सांगते, मुलांची मागणी आपल्या रागापेक्षा खूपच लहान असते. तो कदाचित एवढंच म्हणेल की मला मित्रांबरोबर डबा खायचाय.

हे विचारायचं कारण फक्त भावनेचं नाही. तक्रारीत मागणी लागते. "योग्य ती कारवाई व्हावी" हे वाक्य मी माझ्या टेबलावर किती वेळा वाचलं असेल, आणि प्रत्येक वेळी "योग्य ती" काय ते ठरवायचा हक्क त्या पालकांनी मलाच देऊन टाकलेला असायचा. मी काय ठरवत असेन याचा अंदाज तुम्हाला येईलच. "डब्याच्या सुट्टीत आणि खेळाच्या तासाला त्याला बसवून ठेवू नये" ही मागणी मात्र टाळता येत नाही. ती पाळली की नाही हे चौथीतला मुलगासुद्धा संध्याकाळी सांगू शकतो.

आता दुसरी बाजू. त्या बाईंनी जे केलं त्याचं समर्थन करत नाही, पण ते कुठून येतं ते मला ठाऊक आहे. वर्गात चाळीस मुलं, ठरलेल्या तारखेला वह्या तपासून द्यायच्या, एकाची अपुरी राहिली तर वरून विचारणा बाईंनाच. वही पूर्ण करण्याचं हे वेड आपल्या शाळांना फार आहे. मूल शिकलं की नाही ते दिसत नाही, वही दिसते. तेव्हा या बाईंना तुमच्या मुलाचा राग आहे असं गृहीत धरू नका. त्यांना बहुधा त्याच्या वहीचा राग आहे. मुख्याध्यापिकेशी बोलताना हा फरक उपयोगी पडेल, कारण वहीवर तोडगा काढता येतो.

वही उंच धरून हसवणं हे मात्र वेडात मोडत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला. त्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा करायला आणि त्याचा मानसिक छळ करायला बंदी आहे, आणि असं करणारा शिक्षक शिस्तभंगाच्या कारवाईला पात्र ठरतो. हे कलम खासगी, विनाअनुदानित, सीबीएसई शाळांनाही लागू आहे. सासूबाईंचं म्हणणं खोटं नाही, त्यांच्या वेळी छड्या बसायच्याच. नोकरीच्या पहिल्या वर्षांत माझ्याही टेबलावर लाकडी पट्टी असायची आणि ती फक्त रेघा मारायला नसायची. त्याबद्दल आज बरं वाटत नाही.

"वर कुणी असतं का" या प्रश्नाकडे येते. असतं. पण पायऱ्या चढत जायचं.

पहिली पायरी तुमच्या घरातच, दप्तरात आहे. शाळेच्या डायरीत दोन ओळी लिहा : आज सुट्टीत वर्गात बसवलं असं मुलगा सांगतो, कृपया कळवावं. खाली तारीख. सही झाली तर उत्तम, नाही झाली तरी पानाचा फोटो काढून ठेवा. नंतर मुख्याध्यापिकेला लेखी पत्र. तुम्ही वर्गशिक्षिकेला भेटलात ते बरंच केलंत, पण तोंडी बोलणं शाळेच्या दारातच विरतं. आणि इंग्रजीचं काय घेऊन बसलात? मराठीत लिहा. मराठी ही या राज्याची राजभाषा आहे आणि तुमच्या मुख्याध्यापिकेला वाचता येत नसेल तर शाळेत शिपायापासून क्लार्कपर्यंत दहा जण वाचून दाखवतील. तोडक्या इंग्रजीत माफी मागितल्यासारखी तक्रार जाते. स्वतःच्या भाषेत माणूस जरा ताठ उभा राहतो.

मजकूर साधारण असा असू द्या :

"विषय : इयत्ता चौथी 'ब' मधील माझ्या मुलाला डब्याच्या सुट्टीत वर्गात बसवून ठेवण्याबाबत. महोदया, १४ जुलै, २१ जुलै आणि ७ ऑगस्ट या दिवशी वही अपूर्ण असल्याने माझ्या मुलाला सुट्टीत दाराजवळ जमिनीवर बसवण्यात आलं. ४ ऑगस्टला त्याचं अक्षर वर्गाला दाखवून हसण्यात आलं, असं तो सांगतो. तो लिहायला हळू आहे याची आम्हाला कल्पना आहे आणि घरी सराव करून घेत आहोत. विनंती अशी : १) सुट्टी व खेळाच्या तासाला त्याला बसवू नये. २) अपूर्ण लेखन घरून पूर्ण करून आणण्याची मुभा द्यावी. ३) संबंधित शिक्षिका व आपण यांच्यासोबत भेटीची वेळ पंधरा दिवसांत द्यावी."

बस. एक पान. सासूबाई, मोबाइल, बाईंचा स्वभाव, शाळेची फी, यातलं काही त्यात येता कामा नये. "असं तो सांगतो" हे तीन शब्द गाळू नका. तुम्ही वर्गात नव्हतात, आणि जे पाहिलं नाही ते पाहिल्यासारखं लिहिलं की समोरचा तेवढाच धागा पकडतो.

आणि पोच घ्या. पत्राची दुसरी प्रत सोबत न्या, शाळेच्या कार्यालयात शिक्का आणि तारीख मारून घ्या. "ठेवून जा, मॅडमना देते" म्हणाले तर हसून उभ्या राहा. तरीही शिक्का देत नसतील तर तेच पत्र शाळेच्या ईमेलवर आणि स्पीड पोस्टनं पाठवा, पावती फाइलला लावा. गंमत बघा, आपल्या भाषेत पोच म्हणजे कागद मिळाल्याची सही आणि पोच म्हणजे वागण्याबोलण्याची समजही. मी टेबलाच्या पलीकडे असताना ज्या पालकांकडे दुसरी पोच होती ते पहिली घेतल्याशिवाय कधी गेले नाहीत.

खासगी शाळेतही पालक-शिक्षक संघ असावा लागतो. राज्याच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानं तो बंधनकारक केलाय. प्रत्येक पालक त्याचा आपोआप सभासद असतो आणि कार्यकारी समितीत पालक घ्यायचे ते इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून. तुमच्या इयत्तेच्या प्रतिनिधी कोण आहेत ते शाळेला विचारा. त्या प्रामुख्यानं फीसाठी असतात हे खरं, पण भेटीच्या वेळी खोलीत आणखी एक पालक बसलेला असला की आवाजाची पट्टी बदलते.

पंधरा दिवसांत काहीच झालं नाही तर शिक्षण हक्क कायद्याचं कलम ३२. त्यानुसार लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची असते. घणसोलीसाठी ते म्हणजे नवी मुंबई महानगरपालिका. अर्ज शिक्षणाधिकाऱ्यांच्या नावे, बेलापूरच्या मुख्यालयात, आवक विभागाचा शिक्का घेऊन. सोबत शाळेला दिलेल्या पत्राची प्रत आणि शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला तिचा ओळख क्रमांक, जोडा. हा अकरा आकडी असतो, महाराष्ट्रात २७ नं सुरू होतो, आणि एकदा तो अर्जावर आला की "कोणती शाखा, कोणतं सेक्टर" हे प्रश्न उरत नाहीत. दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यावा असं कायदा म्हणतो. त्या निर्णयानं समाधान झालं नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील.

कार्यालयाकडून उत्तर येत नसेल तर चिडून पुन्हा तोच अर्ज देऊ नका. माहितीचा अधिकार वापरा : "माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत काय कार्यवाही झाली, त्याच्या नस्तीची प्रत द्यावी." दहा रुपये शुल्क, एका अर्जात एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत तीस दिवस. महिनाभर न हललेली फाइल या एका कागदानं हलताना मी पाहिली आहे. सीबीएसईला प्रत जरूर पाठवा, पण पहिला अर्ज तिकडे नको. मंडळ संलग्नता देतं. चौथीतल्या मुलाची तक्रार ऐकायचं काम कायद्यानं महापालिकेचं आहे.

इथे खारघर, कामोठे, कळंबोलीच्या पालकांसाठी थांबते, कारण ही चूक फार जण करतात. पत्त्यात नवी मुंबई लिहीत असलात तरी तुमची महापालिका पनवेल, आणि जिल्हा रायगड. बेलापूरच्या मुख्यालयात अर्धा दिवस रजा टाकून गेलात तर तुम्हाला तसंच परत पाठवतील. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतच्यांचा जिल्हा ठाणे. मूल नववी-दहावीत असेल तर जिल्हा परिषदेचे माध्यमिक शिक्षणाधिकारी, प्राथमिक नव्हे.

आता ग्रुपवरचे ४१ अंगठे. ताई, अंगठा दाखवायला काही लागत नाही. त्यातले किती जण सही करतील? तुम्ही एकट्या गेलात की शाळेचं पहिलं वाक्य ठरलेलं असेल : "तुमच्याशिवाय कुणाचीच तक्रार नाही." हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, आणि ते खोटं आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. म्हणून ग्रुपवर आवाहन करू नका, तीन जणींना फोन करा, ज्यांची मुलं त्याच दाराजवळ बसतात अशा. दोन सह्या जास्त मिळाल्या तरी डूख कुणा एकावर धरता येत नाही. नाही मिळाल्या तर त्यांच्यावर रागवू नका, त्यांचीही धाकटी कुणीतरी रांगेत असेल. बाईंचं नाव, फोटो किंवा मुलाच्या रडण्याचा व्हिडिओ मात्र कुठेही टाकू नका. उद्या तो सातवीत जाईल आणि कुणीतरी तो व्हिडिओ काढून त्यालाच दाखवेल.

शाखेबद्दल. आपल्याकडे हा मार्ग चालतो, आणि झटपट चालतो, हे मी नाकारणार नाही. चार जण केबिनमध्ये आले की मुख्याध्यापक चहा मागवतो. पण त्यानंतरचं बोलणं त्यांच्यात आणि शाळेत होतं, तुमचा मुलगा निमित्तापुरता उरतो. आणि दुसऱ्या दिवसापासून तो स्टाफरूममध्ये "त्यांचा मुलगा" होतो. या शिक्क्याची शाई लवकर जात नाही. महापालिकेतला अर्ज अडला आणि नगरसेवकांनी फोन करून तो पुढे सरकवला, तर त्यात गैर काही नाही. शाळेच्या दारात घोळका नको.

डूख धरण्याची भीती. इथे तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही, कारण मी एकदा स्वतः डूख धरलेला आहे. एका आईनं व्हरांड्यात, मुलांसमोर, माझ्यावर आवाज चढवला होता. तिच्या मुलीला मी कधी काही बोलले नाही. फक्त तिचा हात वर असला की माझी नजर पुढच्या बाकाकडे जायची. वर्षभर. गॅदरिंगच्या नाचातही ती नव्हती. डूख असा असतो, तो पुराव्यात सापडत नाही. त्याच वर्षी एक वडील तारखांसकट एक पान घेऊन आले होते, माझ्याच विरोधात. मला ते आवडले नाहीत, पण त्यांच्या मुलाशी मी जपून वागले, कारण तो कागद ऑफिसात होता आणि त्यावर शिक्का होता. म्हणून म्हणते, न बोलण्यानं मूल वाचतं हा हिशेब तपासून पाहा. तुमचं मूल तुम्ही गप्प असतानाच दाराजवळ बसतंय. पत्र दिल्यावर त्याच्या तपासलेल्या उत्तरपत्रिका जपून ठेवा आणि महिनाभर दर शुक्रवारी त्याच्याकडून आठवड्याची हकिकत ऐका. शाळा त्याला काढून तर टाकू शकत नाही. आठवी होईपर्यंत कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही, हेही त्याच कायद्यात आहे.

तुमच्या यजमानांना मी भित्रे म्हणणार नाही. शाळा बदलणं हा उपाय असू शकतो, आणि दाखला मागितल्यावर शाळेला तो अडवता येत नाही. पण त्यांना एक विचारा : जिथून थोरल्याला काढायचा विचार आहे तिथेच धाकटीला घालायची घाई कशाला? ही दोन वाक्यं त्यांनी एकाच दमात म्हटली असं तुम्ही लिहिलंय. शिवाय मुलगा हळूच लिहितो, नव्या शाळेतही वह्या असणारच.

आणि म्हणून एक गोष्ट, जी तुम्ही विचारलेली नाही. तो बोलून उत्तरं नीट देतो, पण कागदावर उतरत नाही, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. तसं असेल तर एकदा तपासून घ्या. लेखनातली अडचण ही अध्ययन अक्षमतेचा भाग असू शकते, आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. तपासणीसाठी सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातला विभाग बऱ्याच वर्षांपासून ओळखीचा आहे. वाशीला महापालिकेचं दिव्यांगांसाठीचं ईटीसी केंद्र आहे, तिथूनही विचारपूस सुरू करता येईल. निदान झालं तर परीक्षेत सवलती मिळू शकतात, काहीच निघालं नाही तर तेवढी शंका गेली. मात्र तक्रारीचं पत्र या तपासणीसाठी अडवून ठेवू नका. मूल हळू का लिहितं याचा शोध चालू असतानाही त्याला डबा खायचा हक्क असतोच.

ज्यांची तक्रार फीवाढीची आहे, त्यांनी हे पत्र वापरू नये. तो रस्ता वेगळा, पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीतून विभागीय शुल्क नियामक समितीकडे जाणारा, आणि त्यासाठी पालकांची संख्या लागते. स्कूल बसची तक्रार असेल तर शाळेच्या परिवहन समितीकडे आणि आरटीओकडे.

आणि मुलाला कुणी नको तसा स्पर्श केल्याची शंका जरी असली, तर वर लिहिलेल्या सगळ्या पायऱ्या विसरा. मुख्याध्यापकांची भेट मागू नका, पंधरा दिवस थांबू नका. १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करा, थेट पोलीस ठाण्यात जा. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पोक्सो कायद्यानं असा प्रकार कळल्यावर पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा आहे, शाळेसाठीसुद्धा. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला लोक रुळांवर का उतरले ते आपल्या जिल्ह्यात कुणाला नव्यानं सांगायला नको.

तर ताई, या आठवड्यात एवढंच. मुलाशी बोला, मग एक पान लिहा. मागणीची पहिली ओळ त्याच्या शब्दांत असेल तर फार बरं. दोन प्रती, एक शिक्का. भेटीला जाताना यजमानांना सोबत न्या, पण बोला तुम्ही. गुरुवारी सकाळी पोटात दुखलं तर "नाटकं करू नकोस" एवढं वाक्य घरात कुणी म्हणू नये, हे सासूबाईंना तुम्हीच गोडीनं सांगा.

महिन्याभरानं मला परत लिहा. चार पानं असली तरी चालतील, पण या वेळी त्यात निदान एक ओळ त्याची हवी.